हॉटपॉट कसा खावा : जिंतूरहून येणाऱ्या आईवडिलांसाठी प्राथमिक धडे

गिऱ्हाइकाच्या हाती कच्चं मटण देऊन ‘घ्या, शिजवा तुमचं तुम्ही’ म्हणणारं हॉटेल जिंतुरात अजून निघालेलं नाही. निघालं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी मालकाला विचारील, “मग पैसे कामून घ्यायलास, भाऊ?” प्रश्न बिनतोड आहे. त्याचं उत्तर पुढे येईल. तूर्त एवढंच लक्षात घ्या की सिंगापूरला या कामाचे माणशी चाळीस-पन्नास डॉलर सहज घेतात आणि लोक रांगा लावून ते देतात. तुमचा मुलगा किंवा लेक तिकडे नोकरीला असेल, तर तुम्ही भेटीला गेल्यावर पहिल्या नाहीतर दुसऱ्या सुट्टीला तुम्हालाही तिथे नेऊन बसवणार, हे धरून चाला. ही मार्गदर्शिका त्या दिवसासाठी आहे. परभणी जिल्ह्यातून पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या, पन्नाशी उलटलेल्या, दात शाबूत असलेल्या स्त्री-पुरुषांना समोर ठेवून ती लिहिली आहे. दात नसल्यास टोफूकडे थेट जावं.

घाबरण्याचं कारण नाही. जिंतूरला रेल्वे नाही. एसटीने परभणी गाठायची, तिथून देवगिरी धरून मुंबई, पुढे साडेपाच तासांचं विमान. एवढे सोपस्कार ज्याने पार पाडले त्याने एका चिनी पातेल्यापुढे हात टेकावेत हे बरं दिसत नाही. शिवाय ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण आजवर म्हणत आलोच आहोत. त्यात चीनला जागा ठेवलेली नाही, तो दोष म्हण रचणाऱ्याचा.

पदार्थ सांगायला सोपा आहे. टेबलाच्या मधोमध शेगडी, हल्ली बहुधा विजेची. तिच्यावर उकळत्या रश्श्याचं पातेलं. भोवती कच्च्या मालाच्या बशा. एकेक तुकडा रश्श्यात टाकायचा, शिजला की काढायचा, चटणीत बुडवायचा आणि खायचा. एवढ्याला दोन-तीन तास लागतात, आणि लागलेच पाहिजेत.

एक गैरसमज मात्र घरूनच काढून निघा. आपल्याकडे गाडीवर लाल दिव्याखाली जे ‘चायनीज’ मिळतं त्याची तयारी इथे कामाला येत नाही. मंचुरियन हा प्रकार तर चीनने पाहिलेलाच नव्हता. तो नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केला, असं मानलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची हे सगळं आपलंच. फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला. तेव्हा हॉटपॉटच्या टेबलावर बसून “एक प्लेट मंचुरियन सांगा बरं आधी” असं म्हणू नका. वेटर नम्रपणे हसेल आणि तुमच्या मुलाचं तोंड पडेल.

वार आणि वेळ

शनिवार मारुतीचा, सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा. मधे चतुर्थी आली, एकादशी आली. श्रावणात जाणार असाल तर हा मजकूर गौरीगणपती उठल्यावर वाचायला घ्या. एवढं वजा केल्यावर जेवायला निवांत असा रविवार उरतो, आणि तो सगळ्या सिंगापूरलाच उरतो. म्हणून मुलाला आधी नंबर लावून ठेवायला सांगा, मोबाइलवर लागतो.

घरून धपाटे खाऊन निघू नका. “तिथं काय मिळतंय कुणास ठाऊक” ही शंका रास्त आहे, पण पोटात दोन धपाटे गेले की हॉटपॉट वाया जातो. पिशवीतही नेऊ नका. लोणच्याची बाटली तर मुळीच नको. बाहेरचं खाणं काढलेलं हॉटेलवाल्याला चालत नाही. आणि जावयाला, तो काही बोलला नाही तरी, चालत नाही.

कपडे गडद रंगाचे घाला. पांढरा लेंगा, पांढरा सदरा हा मराठवाड्याचा मान आहे, पण लाल तेलाचा एक थेंब तो मान परत येऊ देत नाही. रश्श्याचा वास कापडात असा मुरतो की दुसऱ्या दिवशीही जेवण कळतं. लोकरीचं काही असेल तर घरी ठेवा. सिंगापूरला ते मुळातच लागत नाही. फक्त जिंतूरहून निघताना कुणीतरी दिलेलं असतं.

रांग

हा भाग सर्वांत सोपा आहे आणि तुम्हाला सर्वांत अवघड जाणार आहे, कारण इथे काहीच करायचं नाही. हायदीलाव नावाची साखळी आहे, तिचं सिंगापुरातलं पहिलं दुकान २०१२ साली उघडलं. तिथे नंबर येईपर्यंत बसायला खुर्ची, चघळायला खाऊ, प्यायला पाणी, सगळं फुकट. बायकांची नखं रंगवून देतात. तेही फुकट. तुम्ही ऐकत नसाल म्हणून पुन्हा लिहितो: फुकट. “मग यात काहीतरी गोम असंल,” असं बाबा पुटपुटतील. गोम आहेच, आणि ती चांग योंग नावाच्या माणसाने १९९४ साली सिच्वान प्रांतातल्या ज्यानयांग या गावी चार टेबलांवर शोधून काढली. स्वयंपाक गिऱ्हाइकानेच करायचा म्हटल्यावर दुकानदाराकडे विकायला उरतं काय? सरबराई. त्याने ती इतकी विकली की २०१८ साली कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात गेली. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. मटण तुम्ही शिजवता. पैसे घेतात ते तुम्हाला पाहुण्यासारखं वागवण्याचे.

तेव्हा पाहुण्यासारखे वागा. ॲप्रन देतील, तो घाला. लांब केस असतील तर बांधायला रबर देतील, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी देतील, वाफेने चष्मा धुरकटला तर पुसायला कापड देतील. प्रत्येक वेळी “राहू द्या, राहू द्या” म्हणू नका. ते राहू देत नाहीत. तुमची भाषाही त्यांना येत नाही, त्यामुळे नकाराचा शेवट बहुधा दोन ॲप्रन मिळण्यात होतो.

रस्सा

आता मन लावून वाचा, कारण पुढचे तीन तास याच निर्णयावर आहेत.

पातेल्यात दोन ते चार कप्पे असतात. प्रत्येकात वेगळा रस्सा. एक तिखट, एक टोमॅटोचा, एक अळिंब्यांचा, आणि चौथ्यात चक्क साधं पाणी मागवता येतं. पाण्याला नाक मुरडू नका. नेहमी जाणारी चाणाक्ष मंडळी एक कप्पा पाण्याचा ठेवतातच; पैसे वाचतात, आणि दुसऱ्या तासाला तिखटाने हैराण झालेल्या माणसाला पालक उकडून खायला तीच एक जागा असते.

तिखटाचं नाव माला. सिच्वान प्रांत आणि शेजारचं चोंगचिंग ही त्याची भूमी. चोंगचिंग दोन नद्यांच्या संगमावरचं बंदर. यांग्त्सी आणि च्यालिंग. तिथले नावाडी आणि हमाल कसायाकडून कुणी घेत नाही असा माल स्वस्तात आणायचे, आतडी, वजडी, रक्त, आणि मिरच्यांच्या तिखटजाळ रश्श्यात उकळून त्याचा वास घालवायचे. एका मोठ्या कढईत जाळी घालून नऊ खाने पाडलेले असायचे, आणि एकमेकांना न ओळखणारे लोक आपापल्या खान्यात आपापला घास शिजवायचे. जात, गाव, आडनाव न विचारता एका कढईत जेवण्याची ही तऱ्हा आपल्याकडे सत्याग्रहांनी आणावी लागली. तिथे ती गरिबीने आणली.

या रश्श्यात दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली, चरबी. अस्सल माला गाई-बैलांच्या चरबीत बांधतात. चव तिच्यानेच येते असं तिकडचे लोक सांगतात, पण आपल्या घरात हे चालणार नसेल तर टेबलावर बसण्याआधी विचारायचं असतं, अर्ध्या जेवणात नव्हे. वनस्पती तेलातला माला बऱ्याच ठिकाणी मिळतो. टोमॅटोच्या आणि अळिंब्यांच्या रश्श्यातही हाडांचा अर्क असू शकतो, म्हणून माळकरी मंडळींनी तेही विचारावं. आणि उकळी आली की एका कप्प्यातलं दुसऱ्यात उडतं. आईची माळ असेल तर एका पातेल्यातले वेगळे कप्पे हा उपाय नाही. माणशी स्वतंत्र छोटं पातेलं देणारी दुकानं आहेत, तिथे जा. मुसलमान पाहुणे बरोबर असतील तर हलालची पाटी असलेलं दुकान शोधा. यात नवल काही नाही. पेकिंगचा मटणाचा हॉटपॉट ज्या तोंगलायशुन या दुकानाने गाजवला, ते १९०३ साली एका चिनी मुसलमानानेच काढलेलं.

दुसरी गोष्ट, बधिरपणा. मालाचा पहिला घास घेतल्यावर ओठ झिणझिणायला लागतील. झटका आलाय असं समजून लेकाला हाका मारू नका. ते सिच्वानच्या मिरीचं काम आहे. ती मिरी मिऱ्यांच्या कुळातली नाही. आपल्या कोकणात माशाच्या कालवणात तिरफळं घालतात, त्यांची ती सख्खी बहीण. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१३ साली लोकांच्या ओठांना ही मिरी लावून मोजमाप केलं, तेव्हा ती थरथर सेकंदाला साधारण ५० कंपनांची निघाली. आपल्या घरातली वीजही पन्नास हर्ट्झचीच असते. येलदरीच्या धरणावर जलविद्युत केंद्र असूनही जिंतुरात उन्हाळ्यात जे वारंवार गायब होतं, ते इथे ओठांवर न तुटता मिळतं.

तिखटाबद्दल परभणीकराला शिकवणी नको. तरी एक सूचना. आपला ठेचा जिभेवर चढतो आणि उतरतो. माला चढतो आणि बसतो. पाणी पिऊन उपयोग नाही. आलुबुखारासारख्या फळाचं आंबटगोड काळपट सरबत मिळतं, ते मागवा. मिरची दोघांकडेही परदेशातूनच आली, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आणि चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा “आमच्याइतकं तिखट कुणी खात नाही” ही फुशारकी दोन्ही बाजूंनी जपून मारावी.

चटणी

उठा आणि चटण्यांच्या टेबलाकडे जा. माणशी वेगळे पैसे लावलेले असतात, ते वसूल करण्याची ही एकच संधी. इथे तुम्हाला माहेरी आल्यासारखं वाटेल. लसूण ठेचलेला, कोथिंबीर चिरलेली, शेंगदाण्याचं जाडसर कूट, तीळ, तिळाचं तेल, कांद्याची पात, हिरवी-लाल मिरची, साखर, मीठ. परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघराचा ओटा. फक्त गुळाचा डबा आणि काळा मसाला नाही. सोया सॉस आणि काळं व्हिनेगर अनोळखी वाटेल, ते बेताने घ्या.

दोन घराणी ध्यानात ठेवा. मालाबरोबर तिळाचं तेल आणि भरपूर लसूण, वर कोथिंबीर. तेलात बुडवल्याने घास निवतो आणि तिखटाची धार बोथट होते. पेकिंगच्या साध्या पाण्यातल्या मटणाबरोबर तिळाचा दाट कल्क. या दोहोंखेरीज तिसरं घराणं जिंतूरचं: वाटीत सगळंच थोडं थोडं घालायचं. शास्त्राला धरून नाही, पण मी स्वतः तेच चालवतो आणि अजून कुणी टेबलावरून उठवलेलं नाही.

पेकिंगच्या त्या पातेल्याचा विषय निघालाच आहे तर, मधोमध कोळशाचं धुराडं आणि भोवती गोल पाणी असं ते तांब्याचं भांडं पाहिलंत तर न्हाणीघरातला बंब आठवेल. आठवू द्या. बंबाचीच धाकटी आवृत्ती आहे. पण त्यातलं पाणी आंघोळीला मागू नका.

शिजवणे

काही घालण्याआधी, स्वच्छ रस्सा असेल तर वाटीभर पिऊन घ्या. तासाभराने त्याच रश्श्यात इतकं काही उकळून गेलेलं असतं की तो पिणं शहाणपणाचं नसतं. मालाचा रस्सा तर कधीच प्यायचा नाही. भाकरी चुरून ओरपायची इच्छा होईल. आवरा.

आधी जे शिजायला वेळ घेतं ते: मुळा, कोहळा, कणसाचे तुकडे. मग अळिंब्या. मग मटणाचे काप. ते गोठवून यंत्रावर कापलेले असतात, इतके पातळ की आरपार बशीची नक्षी दिसावी. रंग बदलला की शिजलं, दहा-पंधरा सेकंद. ‘आणखी एक उकळी येऊ दे’ ही मराठवाड्याची सवय इथे मटणाचं चामडं करते. वजडीला तर आकडा ठरलेला आहे: सात वेळा वर, आठ वेळा खाली, काड्यांतून न सोडता बुचकळायची आणि खायची. ही वजडी बहुधा गाई-बैलाची असते, हे पुन्हा सांगतो. मासळीचे गोळे तरंगू लागले की झाले. कमळकाकडी करकरीत असतानाच काढा. शेवंतीच्या जातीचा एक पाला येतो, उग्र वासाचा. तो आवडला तर तुम्ही आता कच्चे गडी राहिला नाहीत.

पालेभाजी लाल रश्श्यात टाकू नका. पान तेल पितं, आणि पालकाच्या एका जुडीत मालाचं जितकं तिखट मावतं तितकं उरलेल्या सगळ्या जेवणात नसतं. टोफूच्या साली आणि शेवया शेवटी. पिठाने रस्सा दाट होतो आणि मग काहीच नीट शिजत नाही.

कच्च्याला लावलेल्या काड्या तोंडात घालायच्या नाहीत. टेबलावर दोन जोड असतात, एक शिजवायचा, एक खायचा. काड्या जमत नसतील तर लाजू नका. जाळीचा छोटा झारा ठेवलेला असतोच. उकळत्या पातेल्यात पडलेला तुकडा कुणाचा, यावर वाद घालू नका. बांधावरची जमीन कुणाची यावर जिंतूर तालुक्यात पिढ्यान् पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. पातेल्यात बांध नसतो.

झारा कुणाच्या हातात

या मार्गदर्शिकेत एकच नियम मोडायला बंदी आहे, तो हा: आईच्या हातात झारा द्यायचा नाही.

ती तो घेणारच. खुर्चीत टेकताक्षणी सगळ्या बशा आपल्याकडे ओढील, पातेल्यातलं ढवळील, याला मटण, त्याला मुळा, नातवाला कणीस असं वाढत सुटेल. दोन तासांनी तिच्या वाटीत निवलेला टोफूचा एक तुकडा असेल आणि वर ती म्हणेल, “मला काय, मी खाल्लं मघाच.” घरी हेच चालतं. गरम भाकरी तव्यावरून उतरते ती ताटावर बसलेल्यांसाठी. थापणारी शेवटी बसते, उरलेल्या रश्श्यावर. लग्नातल्या पंगतीपासून शेतातल्या हुरड्यापर्यंत, शिजवणारा आणि खाणारा अशी दोन माणसं असतात हे आपण इतकं मानून बसलो आहोत की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. हुरड्यातसुद्धा आगटीजवळ धुरात बसून कणसं चोळणारा वेगळा, आणि गोधडीवर बसून “आण रे अजून” म्हणणारे वेगळे.

हॉटपॉट मला आवडतो तो या एका कारणासाठी. चवीबद्दल मी फार आग्रही नाही. येसराच्या आमटीला मी तो कधीच वरचढ ठरवणार नाही. पण स्वयंपाकघर उचलून टेबलावर आणल्यावर आत उभं राहणारं कुणी उरतच नाही. जी शिजवते तीही बसलेली, गरमच खाणारी, आणि गप्पांच्या मधे उठून न जाणारी. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला अख्खं जेवण बसून, गरम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिळतं, आणि त्यासाठी कुणाला काही क्रांती करावी लागत नाही. शेगडी ठेवली की झालं.

म्हणून झारा बाबांना द्या. ज्यांनी उभ्या आयुष्यात चहाच्या पातेल्याखालचा गॅस पेटवला नाही, त्यांना चारचौघांत मटण उकळायला लावा. आधी ते “हे काय बायकी काम” अशा नजरेने पाहतील. पहिला तुकडा चामडं होईल, दुसरा कच्चा राहील, तिसरा जमेल. मग आजूबाजूच्या टेबलांकडे पाहत ते चौथा तुकडा आईच्या वाटीत टाकतील आणि म्हणतील, “बघ, झालं का नीट.” तिने या वेळी चव पाहून दोष काढला तर मधे पडू नका. तिचा तो हक्क आहे आणि तो तिने कधीच वापरलेला नाही.

एक अडचण येते. चिनी यजमानही आग्रहात आपल्याला हार जात नाहीत. मुलाचे सहकारी बरोबर असतील तर वेगळ्या काड्यांनी ते तुमच्या वाटीत माल टाकतच राहतील. वाटी रिकामी झाली की भरतात. थांबवायचं असेल तर थोडं उरवून ठेवा. ताटात टाकू नये हे संस्कार इथे एक दिवस बाजूला ठेवावे लागतात.

तिसरा तास

पोट भरलं. आता उठायचं नाही. आपल्याकडे पंगतीत जेवणाऱ्याच्या पाठीशी पुढच्या पंगतीतला माणूस उभा असतो, त्यामुळे हात धुवायला पळण्याची सवय आहे. पाठीमागे पाहा. कुणी नाही. वेटर येईल तो रस्सा आटला म्हणून वाढवायला. बसा. रेटून नव्हे, सैल बसा. एखादी कमळकाकडी टाका, खा नाहीतर नका खाऊ. सुनेला तिच्या ऑफिसाबद्दल विचारा, आणि तिने सांगितलं तर मधेच शेजाऱ्याच्या पोराचा पगार काढू नका. नातवाने पातेल्यात काय-काय टाकलंय हे न पाहिल्यासारखं करा.

याच सुमारास एखादा पोरगा कणकेची लांब पट्टी घेऊन नाचत येईल. हवेत ताणून, गरगर फिरवून तो तिच्या शेवया करतो आणि तुमच्या पातेल्यात सोडतो. मागवल्यावरच येतो, म्हणून मागवा. पाहण्याचे पैसे वेगळे नाहीत. शंभराची नोट ओवाळून देऊ नका. तिकडे बक्षिसीची चाल नाही. बिलावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी आधीच चढलेला असतो; म्हणजे १०० डॉलरच्या जेवणाचे ११९ डॉलर ९० सेंट. बिल मुलगा देईल. तुम्ही खिशात हात एकदा घालायचा, तोही रिकामा बाहेर काढायचा. रुपयांत गुणाकार करायचा असेल तर घरी, सून झोपल्यावर, मनातल्या मनात.

परत आल्यावर

जिंतूरला आल्यावर हे घरी करून पाहण्याची खुमखुमी येणार. आली तर करा, शेतात करा, रविवारी दुपारी आंब्याखाली करा. विजेच्या शेगडीच्या भरवशावर राहू नका, गॅस घेऊन जा. मुळा, कोहळा, पालक, कणसं आपल्याकडे भरपूर आहेत. तीळ-शेंगदाण्याची चिंता नाही. येलदरीच्या मासळीचे पातळ काप रश्श्यात चटकन शिजतात, काटा मात्र आधी पाहून घ्या. सिच्वानची मिरी मिळाली नाही तर कोकणातल्या कुणाकडून तिरफळं मागवा, बिया काढून टाका. झारा कुणाच्या हातात हे तुम्हाला आता माहीत आहे.

बोकडाचं मटण तेवढं कच्चं नेऊ नका. यंत्रावर पातळ कापून देणारा खाटीक आपल्याकडे सापडणं कठीण, आणि जाड तुकडा पंधरा सेकंदांत शिजत नाही. त्याला घरीच कुकरला लावा आणि चार शिट्ट्या झाल्याशिवाय शेताकडे निघू नका.